गेटच्या आतलं सगळं डॉसन

माझ्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. तीन बदल्या झाल्या, दोन कपाटं बदलली, कागद तोच आहे. वर लिहिलंय ‘डॉसन म्हणजे कोणता?’ आणि खाली एकोणीस ओळी. आरमोरीत भाड्याने राहायला गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तो लिहायला घेतला. त्याच्याशिवाय त्या घरात राहणं मला जमणारं नव्हतं.

मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून बदलून आले होते आणि जुन्या कागदांची खोली माझ्या ताब्यात होती. एका वस्तूला एक नाव आणि एका नावाची एकच वस्तू, यावर माझी नोकरी चालते आणि स्वयंपाकघरही. माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, किल्ल्यांना नंबर असतात. अशा बाईला जे घरमालक मिळायला नकोत, नेमके ते मिळाले.

त्यांचं आडनाव डॉसन. गल्ली त्यांना डॉसनभाऊ म्हणायची, मी नुसतं भाऊ म्हणायचे. घर बौद्ध. समोरच्या खोलीत बुद्धमूर्ती, पौर्णिमेला वंदना. मग हे इंग्रजी आडनाव कुठून आलं, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांनी खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. काळी पेटी, झाकणावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत ते आडनाव.

“कोण होते हे साहेब?”

“मले काय मालूम? साहेब कोनी पायला? आमी पेटीच पायली.”

जंगलातल्या कुठल्याशा डाकबंगल्याचं जुनं सामान काढून टाकलं, तेव्हा तिथे लाकूडतोडीच्या कामावर असलेल्या त्यांच्या वडिलांना ती पेटी मिळाली होती. एवढीच हकिगत. साहेबाबद्दल भाऊंना ना प्रेम, ना राग. मी एकदा उत्साहाने म्हटलं, की जुन्या कागदांत शोधते, कोण होता ते. तर म्हणाले, “शोधू नोका. तो सापडला तर नाव त्याचं होऊन जाईन.” मी चहाचा कप उचलून आत गेले.

भाऊ लाकडाच्या सरकारी डेपोतून निवृत्त झाले होते. सागाच्या ओंडक्यांवर रंगाने नंबर टाकणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. डेपोत खूण नसलेला नग म्हणजे चोरीचा नग. ही शिस्त त्यांनी घरी आणली, पण अर्धीच आणली. पेटीवरची अक्षरं उतरवून त्यांनी पत्र्याचा एक छापा कापला होता. पांढऱ्या रंगाचा डबा आणि चिंधी घेऊन ते घरभर फिरायचे आणि दिसेल त्यावर छापा मारायचे. नंबर मात्र कशालाच नाही. मी सुचवून पाहिलं, की भाऊ, निदान डॉसन एक, डॉसन दोन असं करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ऑफिसात फाइलींच्या पाठीवर चित्रं काढणाऱ्या माणसाकडे पाहिलं असतं.

तर गेट डॉसन. सायकल डॉसन. पाण्याची मोटर डॉसन. कुत्रा डॉसन, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर छापा. अंगणातलं आंब्याचं झाड डॉसन आणि त्याच्या कैऱ्यांचं लोणचंही डॉसन. गुडघ्याला चोळायचं करंजाचं तेल, ते भाऊ घरी काढायचे, त्याची बाटली डॉसन. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, ती वेळ डॉसन. “सात वाजता निघू” म्हटलं की विचारायचे, “सरकारी सात का डॉसन सात?” छापा मारण्याच्या क्रियेलाही तेच नाव होतं. नवीन बादली आणली की वहिनींना म्हणायचे, “आन इकडं, डॉसन करून देतो.”

आणि शिडी. गल्लीतली एकमेव लांब शिडी भाऊंची होती. घरांचे कवेलू, म्हणजे कौलं, फेरून बसवायचे, खांबावरची तार सरळ करायची, पतंग काढायचा, कशालाही माणूस गेटवर यायचा आणि म्हणायचा, “डॉसन द्या जी.” शिडी गल्लीत सर्वांत जास्त फिरली, त्यामुळे माझ्या यादीत तिचा नंबर पहिला आहे.

वहिनी या सगळ्यात निवांत होत्या. भाऊंच्या आवाजावरून आणि नजरेच्या दिशेवरून त्यांना कळायचं, कोणता डॉसन. मला कळायचं नाही. दुसऱ्याच आठवड्यात एकदा मी ऑफिसला निघण्याच्या घाईत असताना भाऊ झाडावरून ओरडले, “बाई, डॉसन बंद करजा.” मी कुत्र्याला मागच्या खोलीत कोंडून गेले. संध्याकाळी आले तर टाकी दिवसभर वाहून माझ्या खोलीत पाणी शिरलेलं, आणि खालच्या फळीवर घरी आणलेल्या चार फाइली. त्या मी दोरीवर चिमटे लावून वाळवल्या. भाऊ शेजारी उभे राहून म्हणाले, “कुत्र्याले बंद कराचं असतं तर ‘बांधा’ म्हटलं असतं. बंद मोटर होते.” चूक माझीच, हे त्यांच्या मते उघड होतं. त्याच रात्री यादी केली. शेवटच्या रकान्यात कोणत्या डॉसनला कोणतं क्रियापद लागतं तेही लिहिलं.

मग स्कूटर. एका सोमवारी सकाळी पाहते तर माझ्या स्कूटरच्या पुढच्या मडगार्डवर ठळक पांढऱ्या अक्षरांत डॉसन. स्कूटर माझी, हप्ते माझे. मी संतापून हाक मारली.

“भाऊ, हे काय केलं?”

“काऊन? गेटच्या आत आली ना?”

“मग मीही गेटच्या आत आहे. मला पण छापा मारणार का?”

“तुमी भाडेकरू. भाडेकरू एक दिवस जाते. स्कूटर पाहा, रोज वापस येते.”

मी रॉकेलने घासलं, वाळू लावून घासलं. डेपोचा रंग, दहा पावसाळे टिकणारा. ऑफिसात महिनाभर मला डॉसन मॅडम म्हणत होते. पत्रं मला घरमालकांच्या आडनावाने यायला लागली. किराणावाला उधारीच्या वहीत ‘डॉसन बाई’ लिहायचा. घर बदलायचं मी दोनदा ठरवलं आणि चांगल्या-वाईट बाजूंचे दोन रकानेही केले. पण पाणी चोवीस तास होतं आणि वहिनींची मोहाची भाकर होती, म्हणून राहिले. आणि प्रज्ञा होती.

प्रज्ञा त्यांची एकुलती मुलगी. नर्सिंग केलेली, शांत आणि माझ्यासारखीच वेळेवर उठणारी. त्या वर्षी तिची सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून निवड झाली. घरात पेढे वाटले. पेढ्यांच्या खोक्यावर छापा होताच. नियुक्ती राखीव जागेवरची, त्यामुळे जातीच्या दाखल्याची पडताळणी करून ठरलेल्या मुदतीत वैधता सादर करायची होती. तिकडे सगळे तिला व्हॅलिडिटीच म्हणतात. ती नाही तर नोकरी नाही.

आणि समितीचं पत्र आलं. पन्नास सालाआधीचा पुरावा द्या, आजोबांच्या नोंदीतलं आडनाव आणि आजचं आडनाव एकाच घराचं आहे हे दाखवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. हातात तीन आठवडे होते.

भाऊंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि पेटीत टाकलं.

“डॉसन लिवा म्हनाव.”

मी म्हटलं, भाऊ, पन्नासच्या आधी तुमचे वडील डॉसन नव्हते. जे होतं ते लिहावं लागेल. ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, एकदाच, एका कागदावर. ते म्हणाले, नाई म्हटलं ना बाई. प्रज्ञाने विचारलं, बाबा, जुनं आडनाव होतं तरी काय? तेव्हा मला कळलं, की तेवीस वर्षांच्या त्या मुलीला ते माहीतच नव्हतं. भाऊ उठून आंब्याला पाणी घालायला गेले. झाडाला पाणी घालायचा तो दिवसही नव्हता.

असली अडवणूक माझ्या स्वभावाला सहन होत नाही. मी कागद घेतला आणि लागणाऱ्या कागदपत्रांची यादी केली. अकरा नग. आठ घरात मिळाले. उरलेल्यांसाठी शनिवारी स्कूटर काढून भाऊंच्या मूळ गावच्या शाळेत गेले. तिथल्या हेडमास्तरांनी माळ्यावरून दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर काढून दिलं. त्यात भाऊंच्या वडिलांचं नाव होतं, दुसरीपर्यंत शिकलेले, जात आणि जुन्या आडनावासकट. पुढच्या एका रजिस्टरात खुद्द भाऊंचं नाव होतं, वडिलांचं तेच नाव, आजोबांचं तेच, गाव तेच, आणि आडनाव डॉसन. याहून चांगला पुरावा मिळणं शक्य नव्हतं. दोन्हीच्या नकला घेऊन सही-शिक्का करून मी परतले, आणि खोटं कशाला बोलू, रस्ताभर स्वतःवर खूश होते.

अंगणात भाऊ, वहिनी, प्रज्ञा बसले होते. शेजारचे आबाजी शिडी न्यायला आले होते. आबाजी धानाची शेती असलेले म्हातारे, भाऊंच्याच गावाकडचे, कधीकाळी इकडे घर बांधून राहिलेले. मी उभ्या उभ्या यादी उघडली आणि वाचत, खुणा करत गेले. रहिवासी दाखला, झाला. वडिलांचा शाळेचा दाखला, झाला. नग नववा, आजोबांची नोंद, मूळ आडनाव... आणि ते आडनाव मी स्पष्ट, मोठ्याने वाचलं. यादी वाचताना मी सगळं स्पष्ट वाचते.

ते आडनाव इथे लिहिणार नाही. गावाने त्या घराकडून जे काम करून घेतलं, मेलेली गुरं ओढण्याचं, ते त्या आडनावात होतं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. माझ्या दृष्टीने तो नववा नग होता.

आबाजी हसले. वाईट हेतूने नाही. जुनी हरवलेली वस्तू सापडल्यावर माणूस हसतो तसे.

“अरे! म्हंजे तू त्यायचा होय का? इतकी वर्षं शेजारी राहून पत्ता नाई लागू देला.”

भाऊंनी शिडी उचलून आत नेली आणि दार लावून घेतलं. वहिनी पदराने हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते. प्रज्ञा माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. मी दहावा नग वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढायला गेले तर पुढचं मडगार्ड कोरं. रॉकेलने आणि वाळूने मला जो रंग निघाला नव्हता, तो भाऊंनी डेपोतल्या कसल्याशा थिनरने साफ पुसून काढला होता. खाली एक थेंबही सांडलेला नव्हता. वर्षभर मला ते नाव नको होतं. त्या सकाळी मी कोऱ्या मडगार्डाकडे बराच वेळ पाहत उभी होते आणि ऑफिसला उशीर झाला. माझ्या नोकरीत हे दोन वेळा घडलंय, त्यातली ही एक.

त्याच सकाळी आबाजींनी कुंपणावरून हाक मारली, ती जुन्या आडनावाने. “शिडी दे ना, कवेलू फेराचे हायेत.” भाऊ आंब्याखाली बसून होते. त्यांनी मान वर केली नाही. आबाजींनी पुन्हा हाक मारली, मग बहिरा झाला का म्हणून विचारलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी तसंच. पाऊस तोंडावर आलेला, आबाजींच्या छपराचे कवेलू अर्धे काढलेले, मजूर येऊन बसलेले. मी खिडकीतून पाहत होते आणि मनात म्हणत होते, एकाने तरी शहाणपणा करा. तिसऱ्या दिवशी आबाजी गेटवर आले. बराच वेळ गेटवरच्या अक्षरांकडे पाहिलं.

“डॉसन, शिडी दे बापा.”

“नेजा,” भाऊ म्हणाले आणि लगेच शिडी काढून दिली. शिवाय स्वतः तिचा पाया धरून उभे राहिले.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. माफी मागायची मला सवय नाही. मी नवीन कागद नेला होता. वंशावळीचा तक्ता, सगळी नावं लिहिलेली, वरच्या ओळीत आडनावाची जागा कोरी. मुदत बारा दिवसांवर आली होती, हेही सांगितलं. भाऊंनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. छप्पन साली वडील नागपूरहून धम्म घेऊन आले आणि ते आडनाव पुन्हा घरात उच्चारलं नाही. पुढे भाऊंना शाळेत घातलं, तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं. वडिलांना येणारी इंग्रजी अक्षरं म्हणजे पेटीवरचीच, ती त्यांनी बसून बसून गिरवली होती. त्यांनी ते सांगितलं.

“मास्तर हासले. सारी शाळा हासली. मी घरी येऊन म्हटलं, मले हे नाव नाई पायजे. बाप म्हने, हासू दे. नवं हाय म्हनून हासतेत. नवे जोडे चावतेत ना? तसं. नाव वापराचं. सकाळी वापराचं, संध्याकाळी वापराचं. कुत्र्याले, सायकलीले, साऱ्यायले देऊन टाकाचं. वापरून वापरून जुनं झालं की मंग कोनी हासत नाई.”

मग म्हणाले, “साठ वर्षं होत आली बाई. जुनं होतच आलं होतं.”

मी माझ्या आडनावाचा आयुष्यात कधी विचार केला नव्हता. ते ऐकून कोणी हसलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की जुनं नाव कागदावर एकदाच येईल, वरच्या ओळीत. मी स्वतः टाइप करीन, कोणाला दाखवणार नाही. त्याच्याखाली तुमचे वडील, तुम्ही, प्रज्ञा, सगळे डॉसन. आणि प्रज्ञाच्या नोकरीच्या पाटीवर पण तेच.

“पाटीवर?”

“छातीवर लावतात. पांढऱ्या अक्षरांत.”

त्यांनी मांडीवरचा कागद मला परत दिला. मग म्हणाले, “सरकारी सात वाजता येतो.” ऑफिस दहाला उघडतं, हे मी दोनदा सांगितलं. तरी ते सातला जाऊन पायरीवर बसले.

प्रतिज्ञापत्र सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आमच्याकडे रीत आहे. मी नायब तहसीलदारांना आधीच सांगून ठेवलं होतं, की हे स्वतः वाचतील. भाऊंनी चष्मा लावला, कागद पुढे ओढला आणि डाव्या हाताचा अंगठा पहिल्या ओळीवर ठेवला. मग खालची ओळ न् ओळ बोट फिरवून वाचली. शेजारचा लिपिक म्हणाला, भाऊ, अंगठा कशाले, सही येत नाई का? भाऊ म्हणाले, “येते. तो तिथं नुसता ठेवला हाय.” अंगठा न उचलता उजव्या हाताने सही केली. पूर्ण नाव, आडनाव ठळक, इंग्रजीत. बाकी सही मराठीत. हे चालत नाही, तरी मी कागद शिक्क्यासाठी पुढे सरकवला.

व्हॅलिडिटी मुदतीच्या दोन दिवस आधी हातात पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरच्या दोन्ही मडगार्डांवर डॉसन. मागचा छापा इतका मनापासून मारला होता, की नंबर प्लेटचा शेवटचा आकडा त्याखाली गेला. देसाईगंजच्या चौकात पोलिसाने अडवलं, दंड केला आणि मला त्याला सगळं समजावत अर्धा तास उन्हात उभं राहावं लागलं. घरी येऊन भाऊंना सांगितलं, तर म्हणाले, “नाव काय लिवलं त्यानं पावतीवर?” मी पावती दाखवली, मडगार्डावरचंच नाव होतं. त्यांनी ती मागून घेतली आणि पेटीत ठेवली.

माझी बदली झाली तेव्हा त्यांनी गेटपर्यंत सामान आणून दिलं आणि माझ्या लोखंडी कपाटावर छापा मारू का विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. ट्रकवर चढवताना पाहिलं तर मागच्या बाजूला होता.

भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात सासूबाईंना दवाखान्यात ठेवलं होतं, त्याच वॉर्डात प्रज्ञाची ड्यूटी होती. मी खाटेजवळ बसून औषधांच्या वेळा लिहीत होते. पलीकडच्या खाटेवर भामरागडकडची एक म्हातारी होती. कानात बाळ्या, हातावर गोंदण, पाय प्लास्टरमध्ये. तिच्या सलाईनची बाटली संपत आली होती. तिने मान उचलून दारापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

“ओ डॉसन बाई. हे संपून राह्यलं पाहा.”

प्रज्ञा आली, बाटली बदलली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी पेन खाली ठेवलं आणि वॉर्डभर पाहिलं. चौदा खाटा, प्रत्येकीजवळ एक-दोन माणसं. कोणी डबा उघडत होतं, कोणी फोनवर बोलत होतं, एक बाई पंख्याकडे पाहत पडली होती. मी सवयीने एकेक खाट मोजत गेले, पहिलीपासून चौदावीपर्यंत.

कोणीच हसलं नव्हतं. कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.